झोपेतल्या श्वासाचा घोळ

फाइली दरवर्षी रद्दीत जातात, किस्से मात्र डोक्यातून हलत नाहीत. मी टेक्निशियन. आमच्या डॉक्टर मॅडम तीन दिवस अमरावतीत बसतात, तीन दिवस अकोल्यात, आणि मशीनच्या पेट्या घेऊन मी त्यांच्या मागे. झोपेत कोणाचा श्वास किती वेळा थांबतो, ते मोजायचं. स्लीप अॅप्निया म्हणतात त्याला. मॅडम सांगतात, धूर-धुळीनं नाक-घसा सुजतो, श्वासाची वाट अरुंद होते, त्रास वाढू शकतो. ऐकताना सगळं समजतं. पेशंट समोर बसला की माझंच डोकं गरगरतं!

*

तेल्हाऱ्याचे एक काका, जिनिंगमध्ये फिटर. पाळी संपवून थेट आलेले.

"धुळीत काम करता का?" मॅडमनी विचारलं.

"नाई."

भुवया, मिशी, कान, सगळं पांढरं! मी म्हटलं, "काका, मग हे काय?"

"हे धूळ हाये काय? हा तं कापूस हाये!"

मॅडमनी फॉर्मवर 'हो' लिहिलं. काका भडकले, "मी नाई म्हणून राहिलो, तुमी हो लिहून राहिल्या!"

*

अकोल्यातले एक रिटायर्ड मास्तर. आमच्या एसी खोलीत टेस्ट केली तर रिपोर्ट बरा. घरी केली तर वाईट. घरामागे रोज संध्याकाळी कचरा जाळतात.

"तुमच्या खोलीत मी बरा, घरी बिमार. मंग बिमारी मले हाये का घराले?"

"कचऱ्याचा धूर वाईटच," मॅडम म्हणाल्या. "पण दोन टेस्टवरून सगळा दोष हवेला देता येत नाही. सर्दी होती का, कोणत्या कुशीवर झोपलात, त्यानंही फरक पडतो."

मास्तर जाताना माझ्या कानाशी आले. "बाईले बी नक्की माहीत नाई वाटते!"

*

रस्त्याकाठी राहणाऱ्या एका मावशींनी मला विचारलं, "खिडकी उघडी ठेवू का बंद?"

मी म्हटलं, "ट्रक जात असतील तर बंद. घरात कोंदट वाटलं तर उघडी."

"अन् झोपू कवा?"

*

सलीमभाईंचं अमरावतीत वेल्डिंगचं दुकान, वरच घर. त्यांना झोपताना लावायची मास्कची मशीन दिली होती. महिन्याभरानं त्यांनी फिल्टर माझ्या टेबलावर आपटला. दिला तेव्हा पांढरा, आता काळाकुट्ट.

"भाई, तुमची मशीन धूर सोडून राहिली!"

मी समजावलं, मशीन धूर करत नाही. खोलीतलीच हवा आत घेते, तिच्यातलं काळं फिल्टरवर बसतं.

सलीमभाईंनी फिल्टर उचलून उजेडात धरला. मग हळूच म्हणाले, "म्हणजे मशीन नव्हती, तवा फिल्टर मीच होतो?"

मी नवा फिल्टर दिला. दुसरं काय देणार!

*

आणि हे वरूडचं जोडपं. नवरा संत्र्याचा व्यापारी, धिप्पाड, घोरणं शेजारपाजारी प्रसिद्ध. छातीचा पट्टा, नाकाची नळी, बोटाचा चिमटा, सगळं घरी नेऊन एक रात्र टेस्ट केली. रिपोर्ट एवढा वाईट, की मॅडम खुर्चीत सरसावून बसल्या.

"भाऊ, हे अंगावर काढू नका. ऑक्सिजन फार खाली जातो तुमचा. धुरापासूनही लांब राहा."

"मी कायले जातो धुराजवळ? पॅकिंगच्या मजुरायचा सैपाक असते, पण चूल तं हे पेटवते," त्यांनी बायकोकडे बोट केलं. भाऊंचा चेहरा उतरला होता. "मॅडम, मी वाचतो ना?"

मॅडमनी रिपोर्ट पुन्हा वरपासून बघायला घेतला. तेवढ्यात बाई पदर सावरत बोलल्या.

"मॅडम, पट्टा, नळी, चिमटा समदं यायनं झोपेतच काढून फेकलं. मशीन टेस्ट न करता वापस कसं द्याचं, म्हणून म्या माह्याच अंगावर लावलं."

मॅडमनी रिपोर्टवरचं नाव खोडलं.

नवरा गोंधळून एकदा मॅडमकडे बघे, एकदा बायकोकडे. "काहीतरी चुकलं मॅडम. माही बायको तं कधी घोरतच नाई!"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं.

"तुमी कवा जागे होते?"