दुपारच्या शिफ्टचा चार्ज

आधीच सांगतो, भुताखेतांवर माझा काडीचा विश्वास नव्हता. मला धास्ती होती ती एकाच शब्दाची... "कळवतो."

मी पेणचा. केमिकल प्लांटवर ऑपरेटर होतो, मंदीत कंपनी बंद पडली. वर्षभर गेटागेटावर फिरलो. सगळीकडे तेच — "कळवतो." बायको गणपतीच्या कारखान्यात मूर्ती रंगवायची, त्यावर घर चाललं होतं. चिडचिड मात्र सगळी तिच्यावरच निघायची.

शेवटी रोह्याच्या एका कंपनीचा फोन आला. बंद पडलेला प्लांट पुन्हा सुरू करायचाय, इंटरव्ह्यूला या. निघालो, तर कासू स्टेशनात मालगाडीसाठी गाडी रखडली. धावतपळत दुपारी गेटवर पोचलो. सिक्युरिटीवाला म्हणाला, आत बाकावर बसा.

तेवढ्यात प्लांटकडून एक माणूस आला. निळा युनिफॉर्म, काखेत हेल्मेट, चेहरा पार उतरलेला.

"किती उशीर रं? कवापासून वाट बघतोय!"

मी काही बोलणार, तोच त्याने सुरू केलं, "दोन नंबर पंपाचं सील गळतंय. सांगून थकलो, कोन ऐकत नाय. ध्यान ठेव."

आमच्या कामात रिलीव्हर, म्हणजे पुढच्या शिफ्टचा माणूस, येऊन चार्ज घेत नाही, तोवर ऑपरेटरला जागा सोडता येत नाही. इतक्या वर्षांची सवय... तोंडातून निघूनच गेलं, "बरं, घेतला चार्ज. जा तुम्ही."

त्याने हुश्श केलं आणि गेटबाहेर पडून वरसे गावाच्या बाजूला चालू लागला.

इंटरव्ह्यूत साहेब म्हणाले, "अनुभव उत्तम आहे तुमचा, पण प्लांट सुरू करायचं पुढे ढकललंय. कळवतो."

माझं डोकंच फिरलं. "प्लांट बंद, मग तुमचा ऑपरेटर रिलीव्हरची वाट कशाला बघतोय? दोन नंबर पंपाचं सील गळतंय, ते तरी बघा!"

साहेबांनी माणूस पाठवला. पंपाखाली खरंच डबकं साचलं होतं. साहेबांनी हजेरीचं रजिस्टर मागवलं. दिवाळीपासून आत एकही शिफ्ट नव्हती, आणि मी सांगितलेल्या वर्णनाचा माणूस कंपनीत कुणालाच माहीत नव्हता. सिक्युरिटीवाला तर शपथेवर सांगत होता, "गेटातून कोन बी भायेर गेला नाय. तुमी एकलेच बोलत होतात."

सील बदललं. मला चहा पाजला. नोकरी? कळवतो!

घरी बायकोने सगळं ऐकून घेतलं. "एवढं झालं, तरी घेतलं नाय?"

"नाय गो."

तो कोण होता, मला आजही सांगता येत नाही. लोक विचारतात, घाबरलास का? छे! संताप आला. वर्षभरात मला कामावर धरणारा एकच माणूस भेटला, आणि नेमका तोच कंपनीत नव्हता.