कोरडं झाकण

जपानातल्या ओनोमिचीला टेकडीवरच्या देवळाच्या पायऱ्या जिथं सुरू होतात, तिथं तोकिएची माशाच्या वड्यांची टपरी होती, आणि टपरीला लागूनच तिचं घर. मासळी वाटायची, त्यात कांदा, गाजर नि लाल मिरची घालायची, चौकोनी थापायची, पावाच्या चुऱ्यात लोळवायची आणि तेलात सोडायची. कागदात धरलेल्या गरम वडीवर फुंकर मारत लोक पायऱ्या चढायचे, आणि पहिल्या वळणावर कुणाची ना कुणाची जीभ भाजायचीच.

या टपरीची एक तऱ्हा होती. समोर एवढा समुद्र, एवढी बेटं, ती बघायला कुठकुठून माणसं येतात. आणि तोकिएनं कढई अशी मांडलेली, की तळताना तिची स्वतःची पाठ कायम पाण्याकडे. कुणी विचारलं, "आजी, वर बघण्यासारखं काय आहे?" की ती झाऱ्यानंच वाट दाखवायची.

"जाताना रोपवेनं जा, येताना पायी उतरा. मधे मांजरांची गल्ली लागेल. त्यांना वडी देऊ नका, आधीच माजलीत. अगदी वर गेलात की सगळा समुद्र दिसतो म्हणतात."

"म्हणतात? तुम्ही नाही बघितला?"

"बघितला होता. असेल तसाच अजून."

कढईशेजारी फळीवर एक काळी, लाखेची, झाकणाची वाटी असायची. पाहुण्यांना वाटायचं, विकायची आहे. ती विकायची नव्हती. ते तिच्या नवऱ्याचं, गेन्झोचं ताट होतं. घरातलं माणूस लांबच्या प्रवासाला गेलं, की मागं राहिलेल्यांनी त्याच्या नावानं रोज गरम भात वाढून ठेवायचा, म्हणजे तिकडे त्याला उपाशी राहावं लागत नाही. मग थोड्या वेळानं झाकण उचलून आतून बघायचं. थेंब जमलेले असले, की माणूस जिवंत आहे, सुखरूप आहे.

गरम भातावर झाकण ठेवलं तर थेंब येणारच, हे काय तोकिएला कळत नव्हतं? जन्मभर चुलीपुढं उभी राहिलेली बाई ती. पण रोज झाकण उचलायची, थेंब बघायची, आणि मगच कढईखालचा जाळ मोठा करायची.

गेन्झो गेला तो बोनच्या दिवसांत. हे दिवस पितरांचे. पितर पाण्यावरून येतात नि पाण्यावरूनच जातात, तेव्हा त्यांच्या वाटेत जिवंत माणसानं जाऊ नये, ते खालून पाय ओढतात, असं आमच्याकडे शेंबड्या पोरालाही ठाऊक. गेन्झोलाही ठाऊक होतं. पण सणाला गावात पाहुणे मावेनात, आणि वाटायला मासळी उरलेली नाही. होडी सोडताना तो म्हणाला, "माझ्या पितरांनीच मला पोहायला शिकवलंय. पाय ओढला तरी ओळखतील, सोडतील." तरणा होता, हसला की गालावर खळी पडायची. संध्याकाळी होडी समोरच्या बेटाजवळ सापडली. इंजिन चालू, डब्यातलं जेवण संपवलेलं, डबा धुऊन पालथा घातलेला. माणूस तेवढा नाही.

सरकारदरबारी तो केव्हाच मेला होता. तोकिएच्या घरी नव्हता.

आता यातली अडचण सांगते. बोनच्या पहिल्या संध्याकाळी दारापुढं तागाच्या सोललेल्या काड्या पेटवायच्या. त्या जाळाच्या उजेडात आपापला पितर आपापलं दार ओळखतो. सासूसासऱ्यांची आग गेन्झोची धाकटी बहीण मित्सुए तिच्या घरी लावायची. देव्हारा तिच्याकडेच होता. तोकिएच्या दाराशी मात्र आग नसायची. जिवंत माणसाच्या नावानं आग लावणं म्हणजे आपल्या हातानं त्याला मारणं. आणि तो मेलेला असेल नि आग लावली नाही, तर तो बेवारस भुतांत भटकणार. एवढा एकच प्रश्न, आणि त्यावर बाईचे केस पांढरे झाले.

मित्सुए दर वर्षी काड्यांची एक जुडी आणायची, दारामागच्या खिळ्याला अडकवायची, नि न बोलता जायची. तोकिए ती पेटवायची नाही, टाकायचीही नाही. दारामागं जुड्यांची एवढी गर्दी झाली, की दार पुरतं उघडेना. तिरकं होऊन आत जावं लागे.

त्या वर्षी बोनच्या आदल्या दिवशी मित्सुए टपरीवर मदतीला आली. हातापेक्षा तोंडाचीच मदत जास्त.

"वहिनी, वड्या लहान करत चाललीस. पुढल्या वर्षी टिकल्या विकशील."

"तू खाऊ नकोस म्हणजे मोठ्या होतील."

दुपारी तोकिएनं फळीवरचं झाकण उचललं. आत एकही थेंब नव्हता. ती बघत राहिली. मग तिनं मित्सुएच्या कमरेला खोचलेला पंचा बघितला. त्याचं एक टोक ओलं होतं.

"मित्सुए."

"काय?"

"झाकण पुसलंस."

मित्सुए आधी गाजरं किसत राहिली. मग किसणी खाली ठेवली. "पुसलं. हो, पुसलं. काय करशील? घालवून देशील मला?"

"का पुसलंस?"

"कारण मी आता म्हातारी झाले, वहिनी. माझ्यामागं तुला कुणी सांगणार नाही. आई-बाबा माझ्या आगीवर माझ्या घरी येतात. दादा माझ्याकडे कशाला येईल? तो त्याच्या घरी येणार, जिथं त्याची बायको आहे. कोपऱ्यापर्यंत येतो, बघतो तर दार काळोखात. आणि फळीवर काय, तर प्रवासातल्या माणसाचं ताट! त्याला वाटत असेल, अरे, मी अजून पोचलोच नाही. परत फिरतो बिचारा. इतकी वर्षं चालतोच आहे. थकला असेल गं."

तोकिएनं कढईतली वडी उलटवली. करपली होती.

"आणि ज्यांना कुणी नाही त्या भुतांसाठी तू अंगणात पान मांडतेस ना," मित्सुएचा आवाज चिरकला, "घरचा धनी असून तुझा नवरा त्या पंक्तीला बसतो. आपल्याच दारात. परक्यांबरोबर."

"पुरे," तोकिए म्हणाली. "पुसून काही कळत नसतं. देवाला फसवतेस की मला?"

"तुला. देव तुझ्याएवढा हट्टी नाही."

मित्सुए पंचा झटकून निघून गेली. जाताना जुडी खिळ्याला अडकवायला विसरली नाही.

त्या रात्री तोकिएला झोप लागली नाही म्हणावं तर घोरत होती म्हणे. पण सकाळी उठली ती मनाशी ठरवून. मित्सुए थडगी धुवायला टेकडीमागच्या दफनभूमीत जाणार होती, दिवसभर इकडे फिरकणार नव्हती. तोकिएनं भात शिजवला, वाफाळता वाटीत भरला, झाकण स्वतः पुसलं, स्वतः बसवलं, आणि वाटी फळीवर न ठेवता कढईच्या शेजारी, डोळ्यांसमोर ठेवली. एवढ्याजवळ, की तेलाचे शिंतोडे उडाले तर तिच्यावर उडावेत.

गर्दी तर अशी, की पायऱ्या दिसत नव्हत्या. छत्र्या, टोप्या, काखेत पोरं. शेजारच्या लिंबू सरबतवाल्या कुरामोतोचा बर्फ संपला नि तो पाहुण्यांना ऊन कसं आरोग्याला चांगलं ते सांगू लागला. नागोयाहून आलेलं एक नवं जोडपं वडी खात टपरीशी थांबलं. मुलीनं वाटीकडे बोट दाखवलं.

"आजी, यात काय आहे?"

"भात. आमच्या ह्यांचा."

"बाहेरगावी गेलेत?"

"हो."

"कधी येणार?"

या प्रश्नाला "येतील" हे उत्तर तोकिएच्या जिभेवर कायम तयार असायचं. त्या दिवशी ते आलंच नाही. मुलगी ओशाळली, नवऱ्याला ओढत पायऱ्या चढून गेली.

तोकिएनं जाळ बारीक केला, हात पुसले आणि झाकण उचललं.

भातातून वाफ येत होती. तिच्या तोंडावर ती वाफ आली, चष्मा धुरकटला. आणि झाकण कोरडं. उन्हात वाळत घातलेल्या बशीसारखं खडखडीत. तिनं आत बोट फिरवलं. पुन्हा झाकण ठेवलं, वरून तळहातानं दाबून धरलं. आजूबाजूला माणसं, पोरं, कुरामोतोची बडबड. तिला काही ऐकू येत नव्हतं. झाकणाखाली आत काहीतरी शांत बसलेलं आहे, असं तिला हाताला लागत होतं. तिनं उचललं. कोरडं.

चष्म्यावर थेंब जमतात आणि झाकणावर जमत नाहीत.

"बरं," ती हळूच म्हणाली. आणि मग इतक्या वर्षांत पहिल्यांदाच मागं वळून समुद्राकडे बघितलं. पाणी आपलं लखलखत होतं, शहाण्यासारखं, जणू त्यानं कधी काही घेतलंच नाही.

तेवढ्यात गिऱ्हाइकानं हाक मारली, "आजी, दोन वड्या."

"आज बंद," ती म्हणाली.

"तळलेल्या दिसतायत की समोर!"

"त्या घरच्या आहेत. माणूस यायचंय."

उन्हं उतरली तशी तिनं दारामागच्या सगळ्या जुड्या काढल्या. तळातल्या तर इतक्या जुन्या, की हातात घेताच भुगा होत होता. रीत एका जुडीची. पण तोकिएचा हिशेब वेगळा होता: जितकी वर्षं त्याला दार दिसलं नाही, तितका उजेड त्याचा बाकी. मातीच्या बशीत मावेनात म्हणून दारातल्या फरशीवर पालथ्या कौलांवर ढीग रचला, दाराशी पाय धुवायला पाण्याचं घंगाळ भरून ठेवलं, आणि काडी ओढली.

वाळलेला ताग तो. एकदम भडकला. जाळ कमरेएवढा झाला, गल्ली उजळली. देवळाकडून उतरणारे पाहुणे थबकले नि फोन उंच धरून फोटो काढू लागले.

"ए तोकिए!" कुरामोतो बादली घेऊन धावला. "टपरी पेटवतेस की काय?"

"तुझा बर्फ संपला म्हणून तुला आगीचं वावडं. ठेव ती बादली."

एका पाहुण्यानं अदबीनं विचारलं, "आजी, हा कार्यक्रम दर वर्षी असतो का?"

"नाही," तोकिए म्हणाली. "यंदा पहिलाच."

मग ती आगीपुढं वाकली आणि हाक मारली. कितीतरी वर्षांत ते नाव तिनं मोठ्यानं घेतलं नव्हतं. "अहो! गेन्झोसान! घर हे. इकडे. ताट प्रवासाचं नाही हो आता, घरचं आहे."

वारा नव्हता. तरी धूर सरळ वर गेला नाही. दारापर्यंत आला, उंबऱ्याशी जरा घुटमळला, लाजऱ्या पाहुण्यासारखा, आणि आत गेला. फोटो काढणाऱ्यांचे हात खाली आले. एकेक जण मान लववून निघून गेला.

धूर बघून मित्सुए टेकडीवरून धापा टाकत आली. कौलांवर नुसती राख, आणि वहिनी दारात बसलेली.

"लावलीस!" ती मटकन खाली बसली. "वहिनी, मी काल पुसलं होतं गं. आज नाही. आज मी इकडे आलेच नाही, शपथ."

"ठाऊक आहे मला. आज कोरडंच होतं."

मित्सुए वहिनीला खेटून बसली. गल्लीत काळोख दाटत होता आणि दारोदार छोट्या आगींचे ठिपके विझत होते. आतल्या खोलीत लाकडी जमीन एकदा करकरली. ती जुनी होती, करकरायचीच. पण माणूस टेकतो तेव्हा करकरते तशी करकरली.

तोकिएनं घंगाळाकडे बघितलं. भरताना काठोकाठ भरलं होतं. आता पाणी बोटभर खाली होतं आणि काठाबाहेरची फरशी भिजलेली. तिनं पाण्यात बोट बुडवलं नि जिभेला लावलं. मग घंगाळ मित्सुएकडे सरकवलं.

मित्सुएनं चाखलं. "खारट आहे."

"हं."

"तुझ्याच डोळ्यातलं पडलं असेल."

"मी कुठं रडले? मी वड्या तळत होते."

"मग नळाचं पाणीच..."

"नळाला समुद्र जोडलाय का गं?"

मित्सुएनं तोंडाला पंचा लावला. ती रडत होती की हसत होती, तिचं तिलाच कळत नव्हतं. तोकिए गुडघ्यांवर हात टेकून उठली. कढईशेजारची वाटी आणली, तिचं झाकण काढलं आणि बाहेरच, राखेशेजारी पालथं घातलं. घरच्या पितराच्या भातावर झाकण लागत नाही. वाटीशेजारी बशीत वड्या ठेवल्या, त्यातली जरा करपलेली स्वतःसाठी बाजूला केली. दार आता पुरतं उघडत होतं. उंबऱ्यापलीकडे, काळोख्या जमिनीवर काहीतरी ओलं चमकत होतं. ती थांबली. मग रोज संध्याकाळी घरी येणाऱ्या माणसाशी बोलावं, तशा सुरात म्हणाली,

"पाय पुसून घ्या आधी. जमीन सकाळीच पुसलीय मी."