बायजाबाईचे उलटे सरगुंडे

मी आयुष्यात पुष्कळ खोटं बोलले आहे. शाळेत शिकवणाऱ्या बाईला बोलावंच लागतं. तपासणीला साहेब आले की पोरांपेक्षा आम्हीच जास्त थापा मारतो. पण यमूशी बोलले ते खोटं वेगळं होतं. त्याची लाज मला अजून वाटते, म्हणून आज दहा वर्षांनी लिहायला बसले आहे.

यमू म्हणजे यमुना, नागपूरच्या पाचपावलीतली माझी शेजारीण आणि मैत्रीण. आमच्या दोन घरांत एकच भिंत होती. मी भांडकुदळ, ती शांत. ती नर्स झाली, मी मास्तरीण. एकाहत्तर साली ती नवऱ्याबरोबर, अनंतरावांबरोबर, इंग्लंडला गेली आणि तिथल्या एका दवाखान्यात लागली. गल्लीतून परदेशी गेलेली ती पहिलीच. निरोप द्यायला अर्धी गल्ली स्टेशनवर आली होती, आणि तिची माय बायजाबाई सगळ्यांना दटावत होती, "रडू नका वं, पोरगी मरून नाही राहिली, नोकरीले चालली."

बायजाबाईनं विड्या वळून दोन पोरं वाढवली. नवरा लवकर गेला. बाई डावरी होती. विडी डाव्या हातानं, विळा डाव्या हातानं, आणि कोणी बोललंच तर थप्पडही डाव्या हातानं. उन्हाळ्यात गल्लीतल्या बाया मिळून सरगुंडे करायच्या तेव्हा तिची फार थट्टा व्हायची. सरगुंडे म्हणजे कणकेची बारीक वळी काडीवर गुंडाळायची, मग काडी अलगद ओढून घ्यायची आणि ते वेटोळे उन्हात वाळवायचे. आंब्याच्या रसाबरोबर खातात. सगळ्यांचे वेटोळे एका बाजूला फिरलेले असायचे, बायजाबाईचे उलट्या बाजूला. बाया म्हणायच्या, "बायजे, तुहे उलटे सरगुंडे वेगळ्या सुपात टाक." ती म्हणायची, "टाकतो. चव घ्याले मंग माह्याच सुपापाशी येसान." आणि यायच्याच सगळ्या. मीसुद्धा.

सत्याहत्तरच्या फेब्रुवारीत बायजाबाईला ताप भरला आणि चौथ्या दिवशी ती गेली. यमूला तेव्हा चौथा महिना होता. आधी दोनदा तिचं मूल गेलं होतं. डॉक्टरनं पायऱ्यासुद्धा जपून चढायला सांगितलं होतं. तिच्या भावानं, रुपरावनं, ठरवलं की बाळंतपण होईपर्यंत कळवायचं नाही. अनंतरावांना तेवढं त्यांच्या कारखान्याच्या पत्त्यावर लिहिलं. त्यांनीही हेच कळवलं.

खोटं चालवणं अवघड नव्हतं. बायजाबाईला लिहिता येत नव्हतं. ती सांगायची आणि रुपराव लिहायचा. आता तो न सांगताच लिहू लागला. 'माझी तब्येत ठीक आहे, तू जपून राहा.' असं पत्र लिहून टाकायला जाताना मी त्याला एकदा पाहिलं. टपालपेटीपाशी किती वेळ नुसताच उभा होता.

मला त्या वर्षी शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी तीन महिने इंग्लंडला पाठवायचं ठरलं. यमूचं पत्र आलं, मायच्या नावानं: 'माय, कौसी इकडं येऊन राहिली. मले तुह्या हातच्या सरगुंड्यांचे डोहाळे लागले. तिच्याजवळ पाठव.'

रुपराव पत्र घेऊन माझ्याकडे आला. म्हणाला, "कौसे, आता कसं करू? बायकोले म्हणतो, कोठून तरी विकत आण."

मी चिडले. "डोहाळे काय विकत आणून पुरवतात? दे इकडं. मी करतो."

इतवारीच्या बाजारातून गहू आणले. बायजाबाईच्या अंगणात, तिच्याच परातीत कणीक मळली, तिच्याच काड्यांवर वळलं. दोन दिवस पाठीचा काटा ढिला झाला. तिचाच बिस्किटांचा जुना डबा भरला आणि तिच्या लुगड्याचं फडकं त्याच्या तोंडाला बांधलं. फडक्याला अजून तिच्या तंबाखूचा वास होता. आपण कशी कुठंच चूक ठेवली नाही, याचं मला कौतुकच वाटलं. पुढची पिढी घडवायला सरकारनं मला निवडलं होतं ते उगाच नाही!

विमानतळावर यमू सातव्या महिन्याचं पोट घेऊन उभी होती. अनंतरावांनी नको म्हटलं तरी आली होती. अंगात पुरुषी कोट, पायात मोजे आणि त्यावर साडी. मला पाहताच तिनं दोन्ही हात वर केले आणि त्या गोऱ्या गर्दीत "जय भीम वं, कौसे!" अशी ओरडली, की एक म्हातारी दचकून बाजूला झाली. मिठी मारली. मग लगेच, "माय कशी आहे?"

"मजेत," मी म्हणाले. शब्द इतका सहज आला की माझा मलाच राग आला.

तिच्या घरी माझ्यासाठी काय काय केलं होतं तिनं! वांग्याचं भरीत, वरण, दूरच्या एका गुजराती दुकानातून आणलेली मिरची. माझ्या बिछान्यावर तिनं स्वतःची माहेरची वाकळ टाकली होती. स्वतः दुकानातली रजई घेऊन झोपायची. आणि तिनं प्रश्न लिहून ठेवले होते. दोन महिने, जे आठवेल ते, कॅलेंडरच्या मागच्या बाजूला. पत्रात विचारायला जागा पुरत नाही म्हणे.

"आता सांग. मायची दाढ दुखत होती, तिचं काय झालं?"

"काढली. आता भाकर मस्त चावते."

"नळाचं भांडण मिटलं?"

"मिटलं. तुह्या मायनंच मिटवलं."

"बुद्धजयंतीले कोणतं लुगडं नेसली?"

"तू पाठवलं ते. निळं."

मेलेल्या बाईची दाढ मी काढली, तिला लुगडं नेसवलं, विहारात नेऊन आणलं. अनंतराव खिडकीबाहेर बघत राहिले. शेवटचा प्रश्न तिनं कागदाकडे न बघता विचारला, "माही आठवण काढते?"

"रोज," मी म्हणाले.

यमू हसली. म्हणाली, थंडीत बाळाला घेऊन नागपूरला येणार, आणि मायच्या मांडीवर त्याला टाकून आपण पंधरा दिवस नुसतं झोपणार.

डबा तिनं त्या दिवशी उघडला नाही. रविवारी अनंतराव घरी असतील तेव्हा, असं म्हणाली. रोज फडक्याचा वास तेवढा घ्यायची. मी पाहिलं की तोंड फिरवायचे.

रविवारी दुपारी तिनं गाठ सोडली. मी टेबलापाशी आंब्याच्या रसाचा डबा उघडत होते. तिनं एक सरगुंडा उचलला. खिडकीच्या उजेडात धरला, फिरवला. दुसरा उचलला. मग डब्यात हात घालून खालून वर सगळं हलवलं. मला वाटलं, तुटले का ते पाहते आहे. तिनं पाणी उकळायला ठेवलं, सरगुंडे शिजवले, तीन ताटल्या वाढल्या. स्वतः दोनदा घेतले. अनंतराव म्हणाले, "सासूबाईंच्या हाताची गोष्टच वेगळी."

"हाव," यमू म्हणाली आणि ताटली पुसून खाल्ली.

मी सुटले, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

जेवण झाल्यावर अनंतराव बाहेरच्या खोलीत पडले. आम्ही दोघी भांडी घासत होतो. यमूनं हात पुसले, कोटाच्या खिशातून रुमाल काढला, उघडला. त्यात एकच सरगुंडा होता, जुना, पिवळा पडलेला, टोकाला तुटलेला.

"डब्याच्या तळाशी अडकला होता," ती म्हणाली. "हा मायचा आहे. मागच्या साली केलेला असन." मग तिनं तो माझ्यासमोर ओट्यावर ठेवला, डब्यात उरलेल्यांतला एक शेजारी ठेवला. दोघांचे वेटोळे दोन दिशांना गेलेले. "बाकी सारे उजव्या हाताचे आहेत, कौसे. तू केले ना?"

तीस वर्षं मी त्या बाईचे उलटे सरगुंडे खाल्ले होते, त्यावरून तिची थट्टा केली होती, आणि नेमकं तेच मला आठवलं नाही!

"चांगले झाले," ती म्हणाली. "माय कधी गेली?"

"फेब्रुवारीत. तापानं. चार दिवस."

तिनं ओट्याची कड दोन्ही हातांनी धरली. तोंडात पदर कोंबला. मी पाणी आणायला वळले तर तिनं माझा हात घट्ट पकडला. आवाज नव्हता, नुसतं अंग हलत होतं. मी तिच्या पोटाकडे बघत होते. मला ओरडून रडायचं होतं. तिच्यासमोर मला तो हक्क नव्हता.

शेवटी बाहेरच्या खोलीकडे बोट करून ती म्हणाली, "यायले सांगू नको. दादालेही नको. त्यायले वाटते मले माहीत नाही, तर त्यायचा जीव थाऱ्यावर आहे. होऊ दे बाळंतपण. मी मायले पत्र लिहीत राहीन."

मग तिनं तोंड धुतलं, खणातून तो कॅलेंडरचा कागद काढला आणि स्टुलावर बसली.

"आता पहिल्यापासून सांग. दाढेचं काय झालं?"

"काढली नव्हती. लवंग धरायची. डॉक्टरकडे आज जातो, उद्या जातो, करत राहिली."

"नळाचं?"

"भांडण सुरूच आहे."

"निळं लुगडं?"

"नेसवलं होतं, यमे. नेताना."

तिनं मान हलवली. एकेक प्रश्न विचारत गेली, मी एकेक खरं सांगत गेले. कागद संपला. तिनं तो घडी घालून मांडीवर ठेवला आणि शेवटचा, न लिहिलेला प्रश्न विचारला.

"माही आठवण काढत होती?"

"रोज," मी म्हणाले. "शेवटच्या दिवशी तुलेच हाक मारून राहिली होती."

पहिल्या दिवशी मी दिलेल्या सगळ्या उत्तरांत हे एकच खरं होतं. मी स्वतः तिच्या उशाशी बसले होते. पण यमू माझ्याकडे बघत राहिली. आजारी माणसाच्या घरच्यांना नर्स धीर देते तेव्हा काय काय बोलते, ते तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

"खरं सांगून राहिली ना वं, कौसे?"

मी तिची शपथ घेतली, पोटातल्या लेकराची घेतली. ती "बरं" म्हणाली, उठली आणि उरलेली भांडी घासू लागली.