न कळवलेली गळती

बाईंनी बत्तीस वर्षं दुसरीच्या मुलांना पाणी शिकवलं. पाण्याला रंग नाही, वास नाही, स्वतःचा आकार नाही. ज्या भांड्यात ओताल त्याचा आकार ते घेतं. बर्फ वितळला की काय होतं, सांगा पाहू? आणि दिवसाला आठ पेले पाणी प्यायलंच पाहिजे. हे आठ पेले त्यांनी कुठून आणले, देव जाणे. पण मधल्या सुट्टीत प्रत्येकाची बाटली हलवून पाहिल्याशिवाय त्या कुणाला सोडत नसत. त्याच बाई आता नवऱ्याच्या हातातला पेला काढून घेत होत्या.

यजमान पाणीपुरवठ्यात चावीवाले. खांद्याएवढी लोखंडी चावी घेऊन रस्त्यातले व्हॉल्व्ह उघडायचे, बंद करायचे, गळत्या शोधून कळवायच्या. निवृत्त झाले आणि मूत्रपिंडांनीही राजीनामा दिला. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, आणि दिवसाला फक्त सातशे मिलिलिटर पाणी. जास्तीचं पाणी शरीरातून आपोआप जाणार नव्हतं. ते पायांत साठणार, मग फुप्फुसांत.

बाईंनी बाटलीवर पेनाने रेघा आखल्या. रेघेच्या वर थेंब नाही. तरी सोमवारी डायलिसिसच्या आधी वजनाचा काटा चार किलोंनी वर.

"असंच चाललं, तर एक दिवस इथवर पोचायला वेळ मिळणार नाही," डॉक्टर म्हणाले. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं.

कुठंतरी पाणी मुरत होतं, हे नक्की. यजमान दात घासत असले की बाई दाराला कान लावून गुळण्या मोजू लागल्या. इस्त्रीची पाण्याची बाटली लपवली. झाडांची झारी शेजारी देऊन टाकली. घटकाभर बसवेना त्यांना. भाजी निवडता निवडता तीनदा उठायच्या. यजमानांच्या तर येरझारा, खिडकीपासून दारापर्यंत आणि दारापासून खिडकीपर्यंत. समोरच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली की ओठांवरून जीभ फिरवत उभे राहायचे.

"अहो, खरं सांगा. नळाला तोंड लावता ना?"

"नाही गं."

"माझी शपथ?"

"तुझी शपथ." पण नजर मात्र खाली.

बाईंनी नवऱ्याला अक्षरशः पाण्यात पाहायला सुरुवात केली. गुरुवारी त्यांनी घराचा मुख्य नळच बंद केला. चावीवाल्याच्या घरात बायकोने पाणी तोडलं! ते आधी खो खो हसले, मग भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. बाईंना मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण नळ काही उघडला नाही. त्याऐवजी सूपचा वाडगा जरा काठोकाठ भरला. पाणी नाही तर नाही, निदान पोटात काहीतरी जाऊ दे.

शुक्रवारी साडेचार किलो.

"काकू, काका खातात काय?" डायलिसिसच्या नळ्या जोडणाऱ्या मुलीनं विचारलं.

"खाण्यात काही हयगय नाही हो!" बाई तावातावाने म्हणाल्या. "सकाळी वाटीभर दही. मग कलिंगडाच्या फोडी. दोन्ही वेळा सूप. घसा सुकतो म्हणून चघळायला बर्फ. पण पाणी म्हणाल तर सातशेच, रेघेवर!"

मुलीचा हात थांबला. "काकू, बर्फ वितळला की काय होतं?"

बत्तीस वर्षं विचारलेला प्रश्न. दुसरीतलं पोरही हात वर करून ओरडलं असतं. बाई एकेक बोट दुमडू लागल्या. वाडगा, वाटी, फोडी, खडे. ज्या भांड्यात ओतलं त्याचा आकार त्या पाण्याने घेतला होता, आणि ओतणाऱ्या त्या स्वतः होत्या.

मुलगी दुसऱ्या मशीनकडे गेली. बाई खुर्ची ओढून नवऱ्याजवळ बसल्या.

"मीच हो... आणि चोर ठरवलं तुम्हाला." त्यांना रडू आवरेना. मग एकदम त्यांनी मान वर केली. "तुम्हाला नव्हतं कळलं?"

"जन्मभर गळत्या शोधल्या मी. पहिल्या दिवशीच कळलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी ओठांवरून जीभ फिरवली.

"कळवली, की लगेच येऊन बंद करतात गं."

बाईंच्या मांडीवरच्या पिशवीत कलिंगडाचा डबा होता, सगळं आटोपल्यावर खायला आणलेला. बोलताना ते त्या पिशवीकडेच बघत होते. बाईंनी ती उचलली आणि आपल्या खुर्चीखाली, पार मागे सरकवली.