पानाचा खरा लाल

अकोल्याच्या त्या छपाईच्या दुकानातली ताई लाल शर्टवाल्या गिऱ्हाइकाला कॉम्प्युटरजवळ बसू देत नसे. "तिकडं बसा. शर्टाची झाक पडते स्क्रीनवर," असं तोंडावर सांगायची. बोलतानाही तिची नजर माणसापेक्षा कागदावरच जास्त असे.

मी तेव्हा कृषी सहायक होतो. कपाशीची पानं लाल पडत होती. शिरा हिरव्या राहून मधला भाग लाल झाला तर तो लाल्या, फवारणीनं न जाणारा. कडा तांबूस होऊन वळल्या तर तुडतुडे, म्हणजे रस शोषणारी कीड, ती फवारणीनं जाते. लोक सरसकट फवारत होते, म्हणून मी दोन्ही पानांचं पोस्टर करायला दिलं. छापून आलं तर दोन्ही पानं सारखीच चॉकलेटी.

"चालेल, ताई. उद्या शेतकरी बायांची सभा आहे."

"कसं चालन? लोक हे पाहूनच फवारतीन ना! स्कॅनर वेगळा लाल पाहून राहिला, प्रिंटर वेगळा छापून राहिला. दोघायचं प्रोफाइल बनवा लागते."

तिनं घरी जायची बार्शीटाकळीची नेहमीची एसटी सोडली. नमुन्याची रंगपट्टी स्कॅन केली, पोस्टरच्याच कागदावर चौकोन छापून त्यांचे रंग यंत्रानं मोजले आणि दोन्ही मशीनचा मेळ बसवला. मग नवं पोस्टर दारातल्या उतरत्या उन्हात नेऊन खऱ्या पानांशेजारी धरलं. "आता न्या."

सभेत एका म्हातारीनं आपल्या शेतातलं पान पोस्टरला लावून पाहिलं. "आमचं तं हेच हाय, हिरव्या शिरायचं. मंग फवारून राहिलो कावून?" बाकीच्या बायाही पानं आणायला उठल्या.

मी ताईला फोन करून सांगितलं.

"पोस्टर उनात नका ठेवू, सर," ती म्हणाली. "लाल उडन." पण आवाजात हसू होतं.