गिटारवाल्याचा शर्ट

ऐंशीच्या दशकात आमच्या पंक रॉक वाजवणाऱ्या-ऐकणाऱ्या लोकांत एक घाणेरडी रीत होती. बँड आवडला की पब्लिक स्टेजवर थुंकायचं. हो, थुंकायचं! टाळ्यांऐवजी. मी इंग्लंडमधल्या लेस्टरचा, बेस गिटार वाजवायचो, आणि बहुतेक हॉलमध्ये सावळा माणूस मी एकटाच. आईनं एकदा माझं जॅकेट धुवायला घेतलं नि किंचाळलीच. "शी! लोक तुझ्यावर थुंकतात आणि तू खुशाल वाजवत राहतोस?"

"अगं, प्रेमानं थुंकतात," मी म्हटलं. प्रेमानं, डोंबल! माझं मलाच ते कधी पटलं नाही.

कारण समोर स्किनहेड असायचेच, डोकी तासलेली गोरी पोरं. काही नुसतेच टकले, काही आमच्यासारख्या सावळ्यांना शोधून मारणारे, आणि स्टेजवरून सगळे सारखेच दिसत. मग मी एक युक्ती काढली. गाणं सुरू झालं की शेजारच्या गोऱ्या गिटारवाल्याचा शर्ट बघायचा. तोही थुंकीनं भिजलेला असला, की हुश्श! म्हणजे थुंकी बँडला, माझ्या रंगाला नाही. पहिला बँड फुटला, दुसरा भांडणात गेला, तिसऱ्यात पहिल्याचाच गिटारवाला पुन्हा भेटला. माझी नजर प्रत्येक स्टेजवर आधी शर्टाकडे. हे मी कुणाला बोललो नाही. पंकवाल्यानं कधी भ्यायचं असतं होय?

नव्वदीत ती रीत मेली. मला कोण आनंद! आणि मग साउथहॅम्प्टनच्या एका पबमध्ये, रविवारी दुपारी, माझ्या गालावर ओलं काहीतरी आपटलं. समोर तिघे टकले उभे. मी शर्ट बघितला. कोरडा. पुन्हा एक, थेट डोळ्यावर. शर्ट कोरडाच. बोटांना तारा सापडेनात. गिटारवाला माझ्या कानाशी ओरडला, "जुने फॅन आलेत रे तुझे!" आणि खुशीत हसला.

कार्यक्रम संपला तरी मी मागच्या खोलीतून हलेना. "जरा थांबू या ना," मी म्हणत राहिलो. त्याला काही कळेना. त्यानं व्हॅनकडे जायचं दार उघडलं आणि तिथंच थबकला. ते तिघे व्हॅनला टेकून उभे होते.

"तू जा," त्यातला एक त्याला म्हणाला. "आम्हाला तो हवाय."

गिटारवाल्यानं दार लावून कडी घातली. माझ्या शेजारी जमिनीवर बसला, माझं मनगट घट्ट धरलं. कडी नीट बसलीय ना, ते त्यानं दोनदा वळून पाहिलं. "तुला नेहमी अशीच भीती वाटते?" त्यानं विचारलं. मी मान डोलावली.

बाहेरून दारावर लाथ बसली. लाज वाटते सांगायला, पण मला बरं वाटलं. इतकी वर्षं मी एकटाच घाबरत आलो होतो.