व्याह्यांची मरळ आणि परसातलं तळं

परवा व्याही अचानक आले... आणि पाणीसुद्धा न घेता थेट परसातल्या तळ्याकडे निघाले. मी हातात तांब्या घेऊन तसाच उभा राहिलो.

तळं म्हणजे काय, तर विश्रामबागेत घर बांधताना जोत्याच्या भरावासाठी माती काढली, तो खड्डा. पाणी बारमाही असतं, बाग त्यावरच जगते. त्यात मासे सोडायचे, हे बरेच दिवस मनात होतं... रोहू की कटला, एवढंच ठरत नव्हतं.

मग नंदा, आमची थोरली, पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आणि त्याच सुमाराला गल्लीत हिवतापाचे रोगी निघाले. रोहू-कटला बाजूला राहिले. डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे आणून सोडले. करंगळीच्या पेराएवढा जीव, पण हळूहळू पाण्यावरची वळवळ दिसेनाशी झाली.

आणि एका सकाळी जावई कळशी घेऊन दारात. आत जिवंत मरळ! आबांनी, म्हणजे व्याह्यांनी, दुष्काळात खणलेल्या त्यांच्या गावच्या पाझर तलावातून धरून पाठवलेली. बाळंतिणीला ताकद यावी म्हणून. बाळंतपण होईतो तुमच्या तळ्यात सोडा, असा निरोप.

मरळ दुसऱ्या माशांवर जगते. ती सोडली तर गप्पी संपणार, अळ्या परतणार... आणि नंदाला आठवा महिना. न सोडावी तर व्याह्यांनी मानाने पाठवलेली वस्तू नाकारल्यासारखं. त्याची बोलणी सासरी खाणार कोण? नंदाच.

जावयाला काही बोललो नाही. तो गेल्यावर मरळ न्हाणीतल्या हौदात सोडली. उडी मारील म्हणून वर फळी, फळीवर पाटा. "पाहुणीला न्हाणी दिलीत, आता आम्ही आंघोळ कुठे करायची?" बायको म्हणाली.

हसलो, पण मनात आलं... ही काळजी नंदाची, की माझ्या तळ्यात काय सोडायचं ते मीच ठरवणार, हा हट्ट? 

आणि परवा आबा काठावर उकिडवे बसलेले. "पाव्हणं, आमची मरळ कुठं हाय? दम घ्यायला घटकाभरात वर आल्याबिगर ऱ्हायची न्हाई ती."

नंदा मागच्या दारात उभी होती. पदराचं टोक बोटाला गुंडाळत होती. तिच्याकडे पाहिलं आणि बोललो, "आबा, मरळ इथे नाही. हौदात आहे. मी सोडली नाही." मग गप्पी, अळ्या, गल्लीतला ताप... सगळं सांगून टाकलं.

त्यांनी पाण्यात बोट बुडवलं, तशी गप्पींची झुंड बोटाशी आली.

"हिवताप थोपवत्यात ही बारकी?"

"अळ्या खातात. डास होत नाहीत."

"आन् मी ह्यांच्यावर वाघ धाडला व्हय!" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "आवं, सांगायचं न्हाई का? सून हाय माझी. ऱ्हाऊ द्या मरळ हौदात. कळशी आणा आमची."

कळशी परत मागितली... म्हणजे राग गेला नाही? बायकोने कळशी आणली. व्याह्यांचं भांडं रिकामं पाठवू नये, म्हणून आत गुळाची ढेप ठेवलेली.

आबांनी ढेप काढून तिच्या हातात दिली. "गूळ आमच्यात लय हाय, वैनी. ह्यात ती बारकी घाला. गोठ्यातल्या हौदात सोडतो. सून लेकरू घेऊन ईल, तवा आमच्यातबी डास नगोत."

एसटी हलली तेव्हा कळशी त्यांच्या मांडीवर होती, तोंडाला नंदाने बांधलेलं ओलं फडकं. धक्का लागू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून बसले होते... मुलगी दिल्यापासून 'तिला जपता ना?' हे विचारायला जीभ रेटत नव्हती, ते न विचारताच कळलं.